रक्तदाब आणि हृदयाचे वाढलेले कप्पे

'हृदयाचा डावा कप्पा वाढला आहे' असे तपासणीच्या कागदावर वाचले की भल्याभल्यांचा धीर सुटतो. "कालपर्यंत मी धडधाकट होतो, मग हे एकाएकी कसे झाले?" असा प्रश्न रोगी विचारतो. वस्तुतः ते एकाएकी झालेले नसते. वर्षानुवर्षे निमूटपणे वाहिलेल्या ओझ्याची ती खूण असते. आणि हे ओझे पुष्कळदा उच्च रक्तदाबाचे असते.

हृदयाला चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना कर्णिका व खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त डाव्या कर्णिकेत येते, तेथून डाव्या जवनिकेत उतरते आणि जवनिका ते महारोहिणीवाटे सर्व शरीरात लोटते. हे काम दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा चालते. रोहिण्यांतील दाब जितका अधिक, तितका प्रत्येक ठोक्यास जवनिकेला जोर अधिक लावावा लागतो.

तालमीत मेहनत करणाराचे दंड भरतात, तशी या जवनिकेची भिंत जाड होते. परंतु मल्लाला विसावा मिळतो, हिला तो नाही. जाड झालेली भिंत हळूहळू ताठर बनते, दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी पुरती सैल होत नाही आणि मग रक्त तिच्यात सहजी शिरत नाही.

पुढे काय होते, हे भोपाळच्या रहिवाशांना आपल्या मोठ्या तलावावरून समजेल. पावसाळ्यात कोलांस नदी तलावात पाणी आणते आणि तलाव काठोकाठ भरला की भदभद्याचे दरवाजे उघडावे लागतात. ते पुरते उघडलेच नाहीत तर पाणी मागे फुगत जाईल. डाव्या कर्णिकेचे असेच होते. पुढची वाट अडखळल्याने ती ताणली जाते, मोठी होते. तुंब आणखी मागे, फुप्फुसांपर्यंत पोहोचला की जिना चढताना धाप लागते, उताणे निजल्यावर श्वास कोंडतो. ताणलेल्या कर्णिकेची लय बिघडली तर तीत रक्त साकळून गुठळी होण्याचा संभव असतो. ती गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. अखेरीस जवनिकाही थकते, सैलावते व तिचे बळ ओसरते.

कप्पे वाढण्यास झडपांचे विकार आदी अन्य कारणेही असतात; म्हणून निदान वैद्यकीय तपासणीनेच व्हावे. मात्र रक्तदाब हे कारण असल्यास निराश होऊ नये. दाब आटोक्यात राहिला तर जवनिकेची जाडी पुष्कळ अंशी उतरू शकते.

एके काळी या विकारावर उपाय थोडे होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याकडील सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील गुण १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. आज त्याहून सुसह्य औषधे उपलब्ध आहेत. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा समावेश होता.

खरी अडचण औषधाची नाही, समजुतीची आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, तेव्हा 'आता मी बरा झालो' असे म्हणून पुष्कळजण गोळी परस्पर बंद करतात. बरे वाटते ते गोळीमुळे, हे ध्यानात येत नाही. दाब पुन्हा चढतो आणि भिंत पुन्हा जाड होऊ लागते.

यास्तव प्रौढ माणसाने काही दुखत नसले तरी रक्तदाब मोजून घ्यावा. १४० व ९० या आकड्यांच्या वर तो वारंवार भरला तर वैद्यांचा सल्ला घ्यावा. लोणचे, पापड, शेव यांवर हात आवरावा. दिवसभरातील एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून कमी असावे. रोज चालावे, तंबाखू सोडावी आणि वैद्यांना विचारल्यावाचून गोळी सोडू नये. हृदय तक्रार करीत नाही, म्हणूनच त्याची विचारपूस आपण करावयाची असते.