खुंट जंबेरीचा, डोळा सागाचा

हिवाळ्यात शेंदूरजनाघाटच्या कोणत्याही रोपवाटिकेत जा, माणसं उकिडवी बसून एकच काम करताना दिसतील. पेन्सिलीएवढ्या जाडीचं जंबेरीचं रोप, त्याच्या सालीला चाकूचा एक उभा आणि एक आडवा छेद, सालीखाली सरकवलेला नागपुरी संत्र्याचा एक डोळा, आणि वरून घट्ट गुंडाळलेली प्लास्टिकची पट्टी. जंबेरीच्या फळाला बाजारात कोणी विचारत नाही, पण तिची मूळं चिवट असतात, म्हणून खुंट तिचा घेतात. डोळा फुटला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटतात आणि पुढे त्या झाडाला आपण संत्र्याचं झाड म्हणतो. इथल्या लेकरालाही हे शिकवावं लागत नाही.

आमच्या ओळखीच्या वाढीबुवांनी, म्हणजे सुतारबुवांनी, मला खोक्यातलं कपाट समजावून सांगितलं ते याच भाषेत. पार्टिकल बोर्डाची तीन स्वस्त कपाटं मी पुस्तकांसाठी आणली होती, सुटे भाग पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात भरलेली. ती जोडून दिली की काम संपलं, असं माझ्या मनात होतं. बुवांनी एक फळी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, हा खुंट हाय. डोळा अजून भराचा हाय."

त्या एका वाक्यावर पुढचे पाच दिवस काम चाललं. एरवी हलक्या मालाला वरून चकाकी देण्याचे उपाय बाजारात पुष्कळ आहेत. चिकटपट्टीचा लाकडी छापाचा कागद लावला की दुपारपुरतं कपाट श्रीमंत दिसतं. बुवांची रीत तशी नव्हती. खुंटाचं काय चांगलं आहे ते ओळखायचं आणि जिथे तो कमी पडतो तिथे अस्सल वस्तू जोडायची. ही रीत मला पटली. आपल्या भागातल्या हजारो घरांना ती उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून हे लिहितो आहे.

खोक्यात बसणारं सामान ही परदेशी कल्पना आहे असं आपण समजतो. अर्धी गोष्ट तशी आहे. मिखाएल थोनेटची वाकवलेल्या लाकडाची 14 नंबरची खुर्ची 1859 साली बाजारात आली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत आणि जगभर जात. पुढे 1956 साली स्वीडनच्या आयकिया कंपनीतल्या गिलिस लुंडग्रेन यांना एक टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्यांनी त्याचे पाय काढले. त्यातून चपट्या खोक्याचा धंदा उभा राहिला. 1979 साली त्यांनीच आखलेलं बिली नावाचं पुस्तकांचं कपाट आजही विकलं जातं. महाराष्ट्रात या कंपनीचं पहिलं मोठं दालन नवी मुंबईत तुर्भ्याला डिसेंबर 2020 मध्ये उघडलं. पण आपली तिफण काय होती? दिंड, फण, रुमणं, सगळं पाचरीवर बसलेलं. पाचर ठोकली की घट्ट, सैल केली की सुटं. सामान सुटं करून नेणं आणि जागेवर जोडणं वऱ्हाडातल्या सुताराला कोणी शिकवावं लागलं नाही.

बुवांनी खोक्यातल्या फळ्या ओट्यावर ओळीनं मांडल्या आणि आधी भोकं पाहिली. या कपाटांच्या आतल्या अंगाला भोकांच्या उभ्या ओळी असतात, एका भोकापासून दुसरं 32 मिलिमीटरवर. दाराच्या बिजागरीची वाटी बसते ते भोक 35 मिलिमीटरचं. हे माप जवळपास सगळीकडे सारखं असतं आणि माझ्या मते खरी किल्ली इथेच आहे. माप ठरलेलं असल्यामुळे हलकी बिजागरी काढून हळू मिटणारी चांगली बिजागरी त्याच जागी बसते. कारखान्याचं दार काढून सागाचं दार लावता येतं. कोपनहेगन आणि स्टॉकहोममध्ये तर यावर स्वतंत्र कंपन्या चालतात. त्या आयकियाच्या स्वयंपाकघराच्या खोक्यांना फक्त दर्शनी दारं आणि वरचे ओटे बनवून विकतात, आणि त्यासाठी नामांकित वास्तुरचनाकारांकडून नक्षे घेतात. खुंट एका कारखान्याचा, डोळा दुसऱ्याचा.

मग सांधे. दोन फळ्या जोडायला या कपाटात मिनिफिक्स असतं. एका फळीत बोल्ट, दुसऱ्या फळीत गोल चकती. पेचकसानं चकती अर्धी फिरवली की ती बोल्टचं डोकं आत ओढून धरते. शेजारी आठ मिलिमीटरच्या लाकडी खुंट्या. कपाट पुन्हा खोलायचं असेल तर एवढ्यावर थांबावं. ज्याला घर बदलायचं नाही त्यानं मात्र खुंट्यांना फेव्हिकॉल लावून मगच ठोकावं, कारण भुश्याच्या बोर्डात चकती दोनचार वेळा फिरली की तिची पकड सुटते. फेव्हिकॉल आपल्याकडे 1959 मध्ये आलं. त्याआधी सुतार सरस वितळवून वापरत, तापवलेल्या भांड्यातून, वास घरभर. बुवांच्या वडिलांनी तोच वापरला होता. डिंक लावल्यावर बुवांनी कपाट आडवं ठेवलं आणि दोरीनं दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही सारखे भरले तेव्हाच पाठ लावली. पाठीला खोक्यात तीन मिलिमीटरचा पातळ हार्डबोर्ड येतो, छोट्या खिळ्यांनी ठोकायचा. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि सहा मिलिमीटरचं प्लायवूड स्क्रूनं कसलं. कपाट हलवून पाहिलं तर गुण्यात राहिलं. एवढ्या एका बदलानं कपाटाची चाल बदलते. हा भाग भिंतीकडे तोंड करून असतो, म्हणून लोक त्यावर पैसा घालत नाहीत. तिथेच आधी घालावा.

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा आणि कपच्या, राळेत कालवून दाबलेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लाकडाचा तुटवडा असताना, जर्मनीत त्याचं उत्पादन सुरू झालं. आपल्याकडे उसाच्या चिपाडापासूनही तो बनतो. वाईट माल म्हणून त्याला नाव ठेवणं मला रास्त वाटत नाही. तो सपाट असतो, उन्हाळ्यात अखंड लाकडासारखा तडकत नाही, आणि वाया जाणारी वस्तू कामाला लावतो. पण पाणी त्याचा काळ आहे. वरच्या मेलामाइनच्या थरातून पाणी शिरत नाही, ते शिरतं कडेतून, भोकातून आणि सगळ्यात जास्त खालच्या अंगातून. एकदा भुसा फुगला की तो परत बसत नाही. आमच्या घरी आधीचं एक ड्रेसिंग टेबल असंच गेलं. कूलरसमोर ठेवलं होतं. उन्हाळाभर दमट हवा, वर रोज फरशी पुसण्याचं पाणी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याचे पाय भाकरीसारखे फुगले. वऱ्हाडात पारा 45 अंशांवर जातो, कूलरशिवाय निभत नाही. म्हणून कपाट कूलरच्या झोतात नको, ही आपल्याकडची पहिली अट.

"याले पाणी दाखवाचं नाही," असं म्हणत बुवांनी प्रत्येक उघडी कड आणि प्रत्येक भोक सीलरचे दोन हात देऊन बंद केलं. खाली चार इंच उंच पाया केला, सागाचा, आणि पायाखाली शहाबादी फरशीच्या पट्ट्या. आता पोछा मारला तर पाणी दगडाला लागतं, कपाट कोरडं राहतं. उधई जमिनीतून चढते, तिलाही दगडाचा थोडा अडथळा होतो. आणि गंमत पाहा, टिकण्यासाठी केलेला हा पायाच कपाटाला भारदस्तपणा देतो. जमिनीला टेकलेलं खोकं खोक्यासारखं दिसतं. पायावर चढलं की ते घराचं वाटतं.

साग कुठून आणला ते सांगायला हवं. परतवाड्याला वनखात्याचा लाकूड डेपो आहे, मेळघाटचा साग तिथे लिलावात निघतो. पण आम्ही नवा साग घेतला नाही. गावात जुनी धाब्याची घरं पाडून स्लॅबची घरं झाली, त्यांच्या तुळया आणि कड्या अजून कोणाच्या तरी गोठ्यात पडून असतात. अशी एक तुळई काकूंनी दिली. वरून काळी, धुरानं माखलेली. बुवांनी आधी तिच्यावरून चुंबक फिरवलं. जुन्या तुळईत खिळा लपलेला असतो, तो करवतीच्या पात्याला लागला की पातं गेलं. दोन खिळे निघाले. मग रंधा चालला. पहिल्या चार ओढींना नुसती काजळी उडाली. पाचव्या ओढीला आतून मधाच्या रंगाचं लाकूड उघडं पडलं आणि अंगणात सागाच्या तेलाचा वास पसरला. रेषा इतक्या जवळ जवळ की नखानं मोजाव्या लागल्या. असा दाट साग आता सहज मिळत नाही. त्या एका तुळईत तिन्ही कपाटांच्या पट्ट्या, पाया आणि वरची कंगणी निघाली.

या पट्ट्या नुसत्या शोभेला नाहीत. पुस्तकांची फळी मधे वाकते हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कारण साधं आहे. पुस्तकं त्याच दाटीनं लावली आणि फळीची लांबी दुप्पट केली, तर वाक सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. बुवांना हे गणित तोंडपाठ नव्हतं, हाताला मात्र माहीत होतं. त्यांनी प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची उभी पट्टी चिकटवली. कड झाकली गेली, फळी ताठ झाली, आणि पाहणाऱ्याला फळी दीड इंच जाड वाटते. कपाट हलकं की भारी हे डोळा कडेवरूनच ठरवतो. पातळ कड दिसली की बाकी काही केलं तरी भागत नाही.

तिन्ही कपाटं भिंतीला लावली आणि ओळंबा सोडला. भिंत वरपासून खालपर्यंत दोन बोटं कलत होती आणि मधे तिला पोट होतं. भिंत आणि कपाट यांच्यातली ती वाकडीतिकडी फट हीच तयार सामानाची चहाडी करते. बुवांनी एक रुंद पट्टी भिंतीला टेकवून उभी धरली, लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला पेन्सिल लावली आणि ठोकळा भिंतीवरून खाली ओढत आणला. भिंतीचा प्रत्येक उंचवटा पट्टीवर उतरला. त्या रेषेवरून कापून पट्टी बसवली तेव्हा फटीत कागदही जाईना. घराच्या मापाचं म्हणतात ते हे. दुकानात ते मिळूच शकत नाही, कारण दुकानानं आपली भिंत पाहिलेली नसते.

उरलेल्या पांढऱ्या भागाला रंग. मेलामाइनवर रंग थेट दिला तर नखानं सोलून निघतो. आधी साबणपाण्याचं ओलसर फडकं फिरवून तेलकटपणा काढायचा आणि लगेच कोरडं पुसायचं, मग 220 नंबरच्या पॉलिशपेपरनं चमक मारायची, मग चकचकीत पृष्ठाला धरणारा प्राइमर, आणि त्यावर रंगाचे पातळ हात. पहिला हात नीट वाळल्याशिवाय दुसरा नाही. घाई करणाऱ्याचं काम इथे फसतं. दारांना जुन्या पितळी कड्या लावल्या. तिन्ही दारांवर त्या एका रेषेत याव्यात म्हणून बुवांनी खोक्याच्याच पुठ्ठ्याचा साचा कापला आणि त्यातून भोकं पाडली. शेवटी प्रत्येक कपाट वरून भिंतीला पट्टीनं कसलं. ही गोष्ट कोणीही टाळू नये. 2016 साली अमेरिकेत आयकियाला 2 कोटी 90 लाख खणांची कपाटं परत बोलवावी लागली, कारण भिंतीला न बांधलेली कपाटं लहान मुलांवर पडून त्यांचे जीव गेले होते.

सगळीकडे हे करावं असं मी म्हणणार नाही. मोरीजवळ, सिंकखाली, ओलीच्या भिंतीला हा बोर्ड नकोच. तिथे आयएस 710 चं पाणी सोसणारं प्लायवूड घ्या किंवा दगडाचे कप्पे करा. ज्या बोर्डाचा कोपरा दुकानातच दाबला गेला आहे तो परत करा. कुजक्या खुंटावर कोणी डोळा भरत नाही.

लग्नसराईत आंदणात आता हेच सामान येतं. वर्षभरात दार लोंबतं, तळ फुगतो, आणि लेकीच्या घरातली वस्तू म्हणून ती टाकवतही नाही. अशा घरात एकदा वाढीला बोलवा. लोंबणाऱ्या दाराच्या भोकात फेव्हिकॉल लावलेली बांबूची काडी ठोकून स्क्रू पुन्हा कसला तरी दार सरळ होतं. आपल्या गावात रंधा आणि पटाशी चालवणारे हात अजून आहेत, पण त्यांना बोलावणं कमी होत चाललं आहे. खोकं दुकानातून आणा, हात मात्र गावातला लावा.

आमची कपाटं उभी राहून तीन पावसाळे झाले. परवा बुवा आले होते. बसण्याआधी ते वाकले, पायाच्या वरच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "कोरडं हाय."