कॅफीन : यकृत आणि मूत्रपिंड

कॅफीन हे कॉफी, चहा, कोको इत्यादींमध्ये आढळणारे अल्कलॉइड असून त्याचे रासायनिक नाव १,३,७-ट्रायमिथिलझँथिन असे आहे. १८१९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब फर्डिनंड रुंगे यांनी ते कॉफीच्या बियांपासून वेगळे केले. कॉफी प्याल्यावर लघवीला जास्त होते, हा अनुभव सर्वपरिचित आहे. हा परिणाम मूत्रपिंडात दिसत असला, तरी कॅफीन रक्तात किती काळ राहणार हे मुख्यतः यकृत ठरवते.

'''यकृतातील विघटन'''

आतड्यातून शोषले गेलेले कॅफीन यकृतात पोहोचल्यावर तेथील सीवायपी१ए२ हे विकर त्याचा एक मिथिल गट काढून टाकते. त्यातून सुमारे ८० टक्के पॅराझँथिन आणि अल्प प्रमाणात थिओब्रोमिन व थिओफिलिन तयार होते. ही द्रव्ये निष्क्रिय नसतात. थिओफिलिन तर दम्यावरील जुने औषध आहे. पुढील रूपांतरांनंतर मिथिल-युरिक आम्लांसारखे पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतात.

मूळ रूपातील कॅफीन मूत्रपिंडात गाळले जाते खरे, परंतु नलिकांमध्ये ते बहुतांशी पुन्हा शोषले जाते. त्यामुळे प्रौढांच्या लघवीत ३ टक्क्यांहूनही कमी कॅफीन जसेच्या तसे उतरते. नवजात अर्भकात चित्र उलटे असते. त्याच्या यकृतातील हे विकर अद्याप अपुरे असल्याने बहुतेक कॅफीन न बदलता मूत्रपिंडावाटेच, आणि अत्यंत संथपणे, बाहेर पडते. प्रौढात सुमारे ५ तास असणारे अर्धायुष्य अशा बालकात काही दिवसांवर जाते. अकाली जन्मलेल्या बालकांचा श्वास मधूनच थांबू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या कॅफीन सायट्रेटची नियमित मात्रा दिवसातून एकदाच पुरते, ती यामुळेच.

धूम्रपानाने हे विकर वाढते व कॅफीन लवकर संपते. उलट गर्भावस्थेचे शेवटचे महिने, संततिनियमनाच्या गोळ्या, यकृताचा सिरॉसिस आणि फ्लुव्हॉक्सामिन हे औषध यांमुळे ते रेंगाळते. धूम्रपान अचानक सोडणाऱ्यास नेहमीचीच कॉफी जड जाते, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

'''मूत्रपिंडावरील क्रिया'''

अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य मूत्रपिंडात ए१ ग्राहींवर कार्य करून नलिकांतील सोडियमच्या पुनःशोषणास साहाय्य करते. कॅफीन हे ग्राही अडवते. सोडियम लघवीत उरते आणि त्याच्यासोबत पाणीही जाते. पॅराझँथिन व थिओफिलिनही हेच करतात, म्हणजे यकृतातील पहिल्या रूपांतराने परिणाम लगेच संपत नाही.

नियमित सेवन करणाऱ्यांत मात्र हा परिणाम बराच ओसरतो. चहाने शरीरातील पाणी घटते, हा समज त्यामुळे अतिशयोक्त ठरतो. कपातील पाणी बहुधा जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्तच असते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तर गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफीन सुरक्षित मानले आहे. यकृताचा विकार असणाऱ्यांना निरोगी प्रौढांची ही मर्यादा जशीच्या तशी लागू करता येत नाही.