खाऊची कापडी पिशवी : माप आणि हिशेब

महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. दप्तरात चपाती वा सुका खाऊ नेण्याची कापडी पिशवी हा शिलाई कारागिरांना चांगला जोडधंदा आहे. तिची रीत आम्ही येथे देत आहोत.

कापड सुती, बिनरंगी मांजरपाट घ्यावे. कोरे कापड आटते, म्हणून आधी धुऊन इस्त्री करावी, मगच कापावे. ३६ इंच पन्ह्याच्या एका मीटरमध्ये साडेआठ बाय १८ इंचांचे ८ तुकडे बसतात. दोन्ही टोकांना अर्धा इंच पट्टी दुमडून शिवावी. सुलटी बाजू वर ठेवून खालचे टोक ७ इंच वर घ्यावे. उरलेले ३ इंच त्यावर दुमडावेत. दोन्ही बाजू अर्धा इंच आत शिवून इंटरलॉक करावे, नाहीतर दोरे खाऊत येतात. पिशवी उलटवली की उशीच्या अभ्र्यासारखे झाकण तयार. बटण नको, चेनही नको. तेलकट वा ओल्या पदार्थाला मात्र डबाच बरा.

भाव ठरवताना मीटरच्या किमतीला ८ ने भागावे. त्यात दोरा, इंटरलॉक व मजुरी मिळवावी. घरच्या भगिनींची शिलाई फुकट धरून स्वस्त भाव सांगणाऱ्यास मोठी ऑर्डर मिळेल, पण मजूर लावताच तोटा होईल. मजुरी आधी, नफा नंतर, हे व्यापारी बांधवांनी ध्यानी ठेवावे.