उकळीनें न जाणारें विष

आषाढांत पवनानगरच्या आसपास भातलावणीची घाई सुरू झाली म्हणजे घरधनिणीस पहाटेंच चूल पेटवावी लागते. वडगांव मावळच्या कृषि संशोधन केंद्रानें १९८७ मध्यें प्रसारित केलेला सुवासिक इंद्रायणी आतां येथें घरोघरीं शिजतो. वीस-पंचवीस माणसांचा भात हंड्यांत शिजवून झांकून ठेवतात आणि दुपारीं खाचराच्या बांधावर वाढतात. अशा जेवणानंतर एखादे वेळीं दोन-तीन तासांतच मंडळींस मळमळ व वांत्या सुरू होतात. लावणी खोळंबते, आणि दोष पावसाच्या पाण्यास नाहीं तर कोणाच्या दृष्टीस दिला जातो. खरा दोष पुष्कळदां हंड्यांतच असतो.

बॅसिलस सेरिअस नांवाचा सूक्ष्म जंतु मातींत राहतो व धान्याबरोबर सहज घरांत येतो. प्रतिकूल स्थितींत तो कठीण कवचाच्या बीजरूपानें टिकून राहतो. हें बीज भाताच्या उकळीनेंही मरत नाहीं. मोठ्या हंड्यांतील भात सावकाश निवतो. तो कोमट झाला कीं ओलीवर बियाणें रुजावें तसें हें बीज रुजतें, जंतु वाढतात व अन्नांत सेरेउलाइड नांवाचें विष उत्पन्न करतात. हें विष १२१ अंश सेंटिग्रेड उष्णतेंत दीड तास टिकतें. आपल्या चुलीवरचें पाणी तर १०० अंशांच्या आसपासच उकळतें. म्हणून तो भात फोडणीस टाकला तरी जंतु मरतील, पण विष राहील. वास किंवा चव बिघडेलच असेंही नाहीं. इंग्लंडांत १९७१ पासून चिनी उपाहारगृहांतील परतलेल्या भातानें असे प्रकार घडल्याचें उघडकीस आलें.

दुधासही हाच न्याय लागू आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतु माणसाच्या नाकांत, हाताच्या पिकलेल्या फोडांत व दगडी झालेल्या कासेंत असतो. १९१४ सालीं फिलिपाइन्स बेटांत बार्बर नांवाच्या संशोधकानें दगडी झालेल्या गाईचें दूध स्वतः पिऊन पाहिलें. ताजें दूध बाधलें नाहीं. कांहीं तास तसेंच ठेवलेलें मात्र बाधलें. या जंतूचें विषही अर्ध्या तासाच्या उकळीस दाद देत नाहीं. तेव्हां बराच वेळ उघड्यावर राहिलेलें दूध आटवून खवा केला, तरी तो निर्दोष होत नाहीं.

यावरून शेतकरी बंधूंनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. शिजलेला भात दोन तासांच्या आंत खावा. उशीर होणार असेल तर तो वाफाळता, म्हणजे ६० अंशांहून अधिक उष्ण, ठेवावा. नाहीं तर परातींत पातळ पसरून लवकर निववावा व शीतकपाटांत ठेवावा. हें न जमल्यास बांधावर भाकरी न्यावी व भात परतल्यावर ताजा शिजवावा. हातास फोड असलेल्यानें रांधूं अगर वाढूं नये. धार काढल्याबरोबर दूध थंड करावें आणि दगडीच्या जनावराचें दूध घागरींत मिसळूं नये.

बाधा झालीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें घोटघोट पाजावें. लहान मूल, गर्भवती किंवा वृद्ध यांस, तसेंच लघवी कमी झालेल्या रोग्यास, विलंब न लावतां दवाखान्यांत न्यावें. संशय आलेलें अन्न पुनः उकळण्यापेक्षां टाकून देणेंच स्वस्त पडतें.