पंधरा डॉलरचा हिशेब

किमान वेतन ठरवण्याचे काम बहुतेक देशांत केंद्र किंवा राज्य सरकार करते. महाराष्ट्रात राज्य सरकार उद्योगवार आणि परिमंडळवार दर जाहीर करते. महापालिका हद्दीतला दर आणि गावाकडचा दर वेगळा असू शकतो, पण महापालिकेला स्वतःचा दर ठरवता येत नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी शहरांनाही तो अधिकार आहे. तिथला राष्ट्रीय दर जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर अडकून पडला आहे. त्यामुळे कित्येक राज्ये त्याच्या वर गेली आणि काही शहरे राज्यांच्याही वर. सॅन फ्रान्सिस्कोने तर त्याआधीच, २००४ मध्ये, ८.५० डॉलरचा दर लागू केला होता. मात्र या विषयावरचा सर्वात गाजलेला प्रयोग वॉशिंग्टन राज्यातल्या सिॲटलचा.

सिॲटलच्या नगर परिषदेने २ जून २०१४ रोजी १५ डॉलरचा कायदा एकमताने मंजूर केला, तेव्हा राज्याचा दर ९.३२ डॉलर होता. परिषदेत या मागणीसाठी सर्वात आक्रमकपणे लढणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या. मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्र शिकून त्या अमेरिकेत गेल्या, तिथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि २०१३ मध्ये उघडपणे समाजवादी म्हणून निवडून आल्या. वाढ मात्र एकदम झाली नाही. पाचशेहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना एप्रिल २०१५ मध्ये ११, २०१६ मध्ये १३ आणि २०१७ मध्ये १५ डॉलर, असे टप्पे होते. छोट्यांना १५ वर यायला २०२१ पर्यंत सवड मिळाली. बर्गर साखळीची फ्रँचायझी चालवणारा दहा माणसांचा दुकानदार मात्र ‘मोठा मालक’ धरला गेला. त्यावरून फ्रँचायझीवाले कोर्टात गेले आणि हरले.

अशा वाढीबद्दलचे जुने पाठ्यपुस्तकी उत्तर सरळ आहे: वस्तू महागली की खप घटतो, श्रम महागले की माणसे कमी घेतली जातात. अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच त्यातली एक फट दाखवली होती. कामगारांपुढे मालकांचे पर्याय मोजके असतील, तर मालक मजुरी मुळातच दाबून ठेवू शकतो. अशा ठिकाणी थोडी सक्तीची वाढ झाली तरी नोकऱ्या टिकतात, कधी वाढतातही. पुढे १९९२ मध्ये न्यू जर्सीने दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर केला आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केला नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची ४१० फास्ट फूड दुकाने तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे दिसले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, क्रूगर त्याआधी दोन वर्षे वारले होते. वाद आजही संपलेला नाही, पण माफक वाढीने नोकऱ्यांवर संक्रांत येते, असे आता फारसे कोणी छातीठोकपणे म्हणत नाही.

मग वरचे पैसे येतात कुठून? समजा, एका उपाहारगृहाच्या शंभर डॉलरच्या गल्ल्यातले तीस डॉलर पगारावर जातात आणि सगळेच कामगार किमान दरावर आहेत. दर ११ वरून १३ झाला, म्हणजे सुमारे १८ टक्के वाढला, तर खर्च साडेपाच डॉलरने चढतो. तो सगळा गिऱ्हाइकावर टाकला तर चार डॉलरची कॉफी बावीस सेंटने महागते. प्रत्यक्षात आचारी आणि व्यवस्थापक आधीच वरच्या पगारावर असतात, त्यामुळे बोजा याहून हलका पडतो. मात्र खालच्यांचा पगार वाढला की त्यांच्या लगेच वरचेही वाढ मागू लागतात. काही भरपाई आपोआप होते. पगार बरा असला की माणसे टिकतात आणि दर दोन महिन्यांनी नव्या पोऱ्याला काम शिकवण्याचा खर्च वाचतो. सिॲटलच्या सुपरमार्केटांतल्या किमती संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. किराणा दुकानात पगाराचा वाटा उपाहारगृहापेक्षा बराच कमी असतो, हे लक्षात घेता त्यात नवल नाही.

आणखी एक वाट वेळापत्रकातून जाते. मालक माणूस काढत नाही. दुपारी तीन ते पाच या मंद वेळेत काउंटरवर दोघांऐवजी एकाला उभे करतो. आठवड्याला तीस तास, ११ डॉलरने काम करणाऱ्याला ३३० डॉलर मिळत. १३ च्या दराने तेवढेच पैसे साधारण साडेपंचवीस तासांत होतात. म्हणजे साडेचार तासांपर्यंत कात्री लागली तरी त्याचे नुकसान नाही, उलट वेळ हाती राहतो. त्याहून जास्त कापले तर मात्र वाढ कागदावरच राहते.

नेमक्या याच मुद्द्यावर २०१७ च्या जूनमध्ये दोन अभ्यास आमनेसामने आले. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाला आढळले, की १३ डॉलरच्या टप्प्यावर कमी पगाराच्या कामांतली मजुरी सुमारे ३ टक्के वाढली, पण तास सुमारे ९ टक्के घटले. सरासरी कामगाराचे महिन्याला १२५ डॉलरचे नुकसान. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने फक्त खाद्यसेवा क्षेत्र पाहिले. तिथे पगार वाढले आणि नोकऱ्या घटल्या नाहीत. वर्तमानपत्रांनी आपापल्या कलाप्रमाणे एकेक उचलला. पण दोघांनी मोजले ते वेगवेगळे. बर्कलीच्या आकडेवारीत तास नव्हतेच, त्यामुळे पूर्णवेळची नोकरी अर्धवेळ झाली तरी ती नोकरी म्हणूनच मोजली गेली. वॉशिंग्टनच्या गटाकडे तास होते, कारण तिथले राज्य मालकांकडून ते भरून घेते. पण नोंदीतून शाखा ओळखता येत नसल्याने अनेक शाखांच्या साखळ्या, म्हणजे सुमारे ४० टक्के कामगार, अभ्यासाबाहेर राहिले. शिवाय १९ डॉलरच्या आतले ते ‘कमी पगाराचे’ अशी व्याख्या होती. ॲमेझॉनच्या भरभराटीत फुगलेल्या त्या शहरात साडेअठरावरचा माणूस साडेएकोणीसवर गेला, की आकडेवारीतून गायब. त्याची बढती घट म्हणून नोंदली जाण्याचा धोका होता.

वॉशिंग्टनच्याच गटाने २०१८ मध्ये माणसागणिक नोंदी तपासल्या आणि चित्र बदलले. आधीपासून कामावर असलेल्यांची कमाई आठवड्याला सुमारे दहा डॉलरने वाढली होती, तीही मुख्यतः अनुभवी हातांची. त्यांच्या फायद्याचा सुमारे चौथा हिस्सा तर शहरात गेलेले तास हद्दीबाहेर भरून काढल्यामुळे आला होता. उलट कमी पगाराच्या कामांत नव्याने शिरणाऱ्यांचे प्रमाण ८ टक्के घटले. टोपी-एप्रन चढवलेल्याचे भले झाले. अर्ज घेऊन दारात उभ्या असलेल्या पोराला काम मिळायला वेळ लागला. सरासरीत हे दोघे एकमेकांना झाकून टाकतात, आणि हा निष्कर्ष पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त मोलाचा आहे.

वेस ओलांडता येणे, हा शहरी दराचा खास गुण आणि खास अडचणही. सिॲटलच्या दक्षिणेला विमानतळाभोवती सीटॅक नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या मतदारांनी २०१३ मध्ये अवघ्या ७७ मतांच्या फरकाने विमानतळ आणि हॉटेल कामगारांसाठी १५ डॉलर मंजूर केले. तो दर खुद्द विमानतळाच्या आवारात लागू आहे की नाही, याचा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातून यायला ऑगस्ट २०१५ उजाडला. विमानतळ हलवता येत नाही. कपडे धुण्याचा किंवा डबाबंद पदार्थांचा कारखाना हलवता येतो. उपाहारगृह या दोहोंच्या मधले. गिऱ्हाइकांकडून उपाहारगृहांना तारे देणाऱ्या येल्प या संकेतस्थळाच्या सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या नोंदींवरच्या एका अभ्यासात दर एक डॉलरने वाढल्यावर साडेतीन तारे असलेली उपाहारगृहे बंद पडण्याची शक्यता सुमारे १४ टक्के वाढलेली दिसली; पाच ताऱ्यांवाल्यांना झळ बसलीच नाही.

सिॲटलचा दर आता महागाईशी जोडलेला आहे. छोट्या मालकांना २०२४ पर्यंत टिप किंवा आरोग्य विम्याचा हप्ता हिशेबात धरून कमी दर देण्याची मुभा होती; २०२४ मध्ये तो दर १७.२५ डॉलर होता. १ जानेवारी २०२५ ला ही मुभा संपली आणि सगळ्यांसाठी दर २०.७६ झाला. म्हणजे टिपवर भिस्त ठेवणाऱ्या कोपऱ्यावरच्या छोट्या खानावळीला एका रात्रीत तासाला साडेतीन डॉलर जास्त मोजावे लागले; मोठ्या साखळ्यांसाठी हीच वाढ एका डॉलरच्या आतली होती.