महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस

ठराव संमत होणें निराळें आणि तो अंमलांत येणें निराळें, हें महाडच्या चवदार तळ्याइतकें स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसेल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौंसिलानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं संमत केला. तदनुसार महाड नगरपालिकेनेंहि १९२४ च्या जानेवारींत ठराव केला. परंतु पुढें तीन वर्षें तो दप्तरांतच राहिला.

सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस यांची योग्यता येथें दिसते. स्वतः सवर्ण व नगरपालिकेचे अध्यक्ष असतांहि ते १९ व २० मार्च १९२७ च्या परिषदेच्या पाठीशीं उभे राहिले. दुसऱ्या दिवशीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. लगोलग मारहाण झाली, सनातन्यांनीं तळ्याची ‘शुद्धि’ही केली. पुढें ४ ऑगस्ट १९२७ रोजीं नगरपालिकेनें आपलाच ठराव रद्द केला. बोल्यांच्या ठरावास त्या दिवशीं बरोबर चार वर्षें पुरीं झालीं होतीं. हा योगायोग टिपून ठेवण्याजोगा आहे. अध्यक्षाची सदिच्छा बहुमतापुढें किती तोकडी पडते, तें यावरून कळतें.

टिपणिसांनीं मात्र आपला पक्ष सोडला नाहीं. १९३७ सालीं ते आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कुलाबा जिल्ह्यांतून मुंबई विधानसभेवर निवडून आले. त्याच वर्षाच्या मार्चांत, वादींस अनादि रूढि सिद्ध करतां आली नाहीं, असा निकाल मुंबई हायकोर्टानें दिला आणि चवदार तळ्याचा दावा संपला.