सुतक नसलेले दुःख

आपल्याकडे दुःखालाही नात्याची मोजपट्टी लावलेली आहे. सपिंडांना दहा दिवसांचे सुतक, लांबच्या भाऊबंदांना त्याहून कमी, लग्न होऊन गेलेल्या मुलीला आईवडिलांचे तीन दिवस. शेजाऱ्याला मात्र सुतक नाही. वाडीत कोणी गेले तर पार्थिव उचलेपर्यंत आजूबाजूच्या घरांतून चूल पेटत नाही, खांदा द्यायला माणसे धावतात, शोकाकुल घरी चहा-जेवण पोहोचते. पण स्मशानातून परतून आंघोळ केली की शेजारधर्म पुरा झाला. मोठ्यांच्या बाबतीत ही व्यवस्था शहाणपणाचीच म्हणावी लागेल. प्रश्न उरतो तो लहान मुलाचा. ज्याचे निम्मे बालपण शेजारच्या पडवीवर गेले, त्याला ही मोजपट्टी कोण समजावणार?

हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथाने घातला नाही. तो एका सहा वर्षांच्या मुलीने घातला, आणि तोही मी तिला दोन वेळा चुकीचे औषध दिल्यानंतर. स्मरणिकेसाठी लिहा असा आग्रह झाला तेव्हा यशस्वी उपचारांच्या गोष्टींपेक्षा ही चूकच सांगावीशी वाटली. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तेरेखोलहून आलेली रुग्ण

आमच्या पेडणे तालुक्याचा नकाशा पाहिला तर तेरेखोल हे गाव नदीपलीकडे एकटेच राहिलेले दिसते. जमिनीने ते महाराष्ट्राला जोडलेले, कारभाराने गोव्याला. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला 1746 साली पोर्तुगीजांनी घेतला आणि नदीच्या उत्तर काठावरचा हा तुकडा गोव्यात राहिला. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. तेरेखोलच्या माणसाला उर्वरित गोव्यात सरळ यायचे तर केरीच्या धक्क्यावर उतरवणारी फेरीबोट घ्यायची. नाहीतर महाराष्ट्रातून आरोंद्याच्या पुलावरून मोठा वळसा. बाजार, दवाखाना, सरकारी कचेरी, सारे काही पाण्यापलीकडे. या बोटीचा उल्लेख मुद्दाम करीत आहे, कारण पुढील सारी कथा तिच्याशीच बांधलेली आहे.

माझा दवाखाना केरीच्या बाजूला. एका सकाळी तेरेखोलची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. पहिलीत शिकणारी, चुणचुणीत, पण चेहरा उतरलेला. तक्रार पोटदुखीची. बेंबीभोवती कळ येते, थोड्या वेळाने जाते. ताप नाही, उलटी-जुलाब नाहीत, वजन ठीक. मी पोट तपासले, जंताचे औषध लिहून दिले. उठताउठता आई म्हणाली, "डॉक्टर, मागच्या आठवड्यातच आणणार होते, पण शेजारची म्हातारी वारली, त्या गडबडीत राहून गेले."

मी विचारले, "नात्यातली?"

"नाही हो, शेजारीण."

मी मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. केसपेपरावर त्या वाक्यातले एक अक्षरही उतरले नाही. कुटुंबाच्या इतिहासाचा रकाना असतो, शेजाराचा नसतो.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी लघवी आणि शौचाची तपासणी झाली, दोन्ही निर्दोष. मी आम्लपित्ताचे औषध दिले. तिसऱ्या खेपेस मी सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा आई सहज बोलून गेली, "घरी असली की बरी असते. धक्क्यावर बोट लागताना दिसली की पोट धरून बसते. आज तर उचलूनच आणली."

माझे पेन थांबले. मुलीला जवळ घेऊन विचारले, "बोटीची भीती वाटते का गं?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग माझ्याकडे न बघता तिने विचारले, "बोटीन गेलली माणसां परत कदीं येतत?"

शामाय

त्या दिवशी दवाखान्यातील गर्दी ओसरल्यावर आईने सगळे सांगितले. शेजारची ती म्हातारी ख्रिस्ती होती. आमच्याकडील ख्रिस्ती घरांतून आजीला शामाय म्हणतात; तिच्या नातवंडांचे ऐकून हीसुद्धा शामायच म्हणे. नातवंडे परदेशी गेली, ही राहिली. आई काजूच्या हंगामात बागेत कामाला जाई, तेव्हा मुलगी दिवसभर शामायच्या अंगणात. सोले वाळत घालायची, कोंबड्यांना दाणे टाकायचे, माडाच्या हिरांची झाडणी बांधताना दोरी धरायची. चवथीला नेवऱ्यांचे ताट तिकडे जाई, नाताळला दोदोल इकडे येई. एका संध्याकाळी शामायला श्वास लागला. लोकांनी तिला खुर्चीत बसवून बोटीवर चढवले. मुलगी धक्क्यावर उभी राहून हात हलवीत होती.

शामाय दोन दिवसांनी रुग्णालयात गेली. पार्थिव रस्त्याने, आरोंद्याच्या पुलावरून आणले. मुलीने पाहू नये म्हणून तिला त्या दिवशी रेडीला मावशीकडे पाठवले होते. परत आल्यावर तिने विचारले तेव्हा घरच्यांनी सांगितले, "शामाय देवाकडे गेली."

यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. प्रत्येकाने मुलीला जपण्यासाठीच केले. पण सहा वर्षांच्या बुद्धीने हाती आलेल्या तुकड्यांची जुळणी कशी केली ते पाहा: शामाय बोटीत बसली, शामाय देवाकडे गेली, शामाय परत आली नाही. म्हणजे बोट देवाकडे नेते. आणि आई तिला दर पंधरा दिवसांनी त्याच बोटीत बसवत होती!

शास्त्र काय सांगते

लहान मुलाची मृत्यूविषयीची कल्पना एकदम तयार होत नाही. मारिया नॉज या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ विदुषीने 1948 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले होते की, पाच वर्षांखालील मुलांना मृत्यू हा परतीचा प्रवास वाटतो. पुढे 1984 साली स्पीस आणि ब्रेंट यांनी आधीच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन या समजुतीचे तीन घटक वेगळे केले: गेलेला परत येत नाही, त्याच्या शरीराची सर्व कार्ये थांबलेली असतात, आणि मरण प्रत्येकाला आहे. बहुतेक मुलांना हे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागते. आमची मुलगी नेमकी त्या उंबरठ्यावर होती. अशा वयात 'देवाघरी गेली', 'झोपली', 'लांबच्या गावी गेली' हे आपले मृदू शब्द मुले अक्षरशः घेतात. मग एखादे मूल झोपेला भिते, एखादे प्रवासाला.

वारंवार होणाऱ्या पोटदुखीचा धडा तर आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत गिरवलेला आहे. ब्रिस्टलच्या जॉन ॲपले यांनी 1958 साली हजार शाळकरी मुलांची पाहणी केली, त्यात दहातल्या सुमारे एकाला ही तक्रार आढळली आणि बहुतेकांत शारीरिक कारण सापडले नाही. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी शारीरिक विकाराची शक्यता अधिक, हे त्यांचे सूत्र मला पाठ होते. पाठ असलेले वेळेवर आठवतेच असे नाही. आणि कळ खोटी नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मूल सोंग करीत नाही. ज्या दुःखाला शब्द मिळत नाही ते पोटातून बोलते.

मात्र मला सर्वांत जवळचा वाटला तो केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाचा 1989 सालचा विचार. ज्या शोकाला समाज शोक म्हणून मान्यताच देत नाही, जो उघडपणे करण्याचा हक्क माणसाला नसतो, त्या शोकाचा त्यांनी स्वतंत्र विचार केला. वाचताना वाटले, हे तर आपले सुतक! सुतक म्हणजे केवळ अशौच नव्हे. 'या माणसाचे दुःख खरे आहे, त्याला काही दिवस सांभाळून घ्या' अशी ती समाजाने दिलेली पावतीही असते. त्या मुलीला ती पावती कोणीच दिली नव्हती. घरच्यांनी नाही, आणि 'नात्यातली?' एवढेच विचारून मोकळा झालेला तिचा डॉक्टर म्हणून मीही नाही.

नंतर काय केले

सोनोग्राफीची चिठ्ठी फाडली. आईला समजावले की मुलीला साध्या शब्दांत खरे सांगा, आणि ते तुम्हीच सांगा. तिने माझ्यासमोरच सांगितले: शामायचे हृदय फार थकले होते, डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ते बंद पडले; ती मरण पावली, ती आता परत येणार नाही. बोटीमुळे काही झाले नाही, आणि तुझ्यामुळेही काही झाले नाही. शेवटचे वाक्य मी मुद्दाम घालायला सांगितले होते. आपल्या रागामुळे वा हट्टामुळे माणूस गेला असे या वयाच्या मुलांना वाटू शकते, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

मुलगी रडली नाही. तिने विचारले, "तिला आता भूक लागत नाही?" आई म्हणाली, "नाही. दुखतही नाही." मग ती माझ्या टेबलावरच्या स्टेथोस्कोपशी खेळू लागली. हेही पालकांना सांगावे लागते. मूल मोठ्यांसारखे सलग शोक करीत नाही. क्षणभर दुःखात उतरते आणि लगेच खेळायला पळते. त्यावरून त्याला काही वाटत नाही असा निष्कर्ष काढू नये.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, शामायच्या घरच्यांनी मुलीलाही कबरीवर मेणबत्ती लावायला नेले. आई सुरुवातीला कचरली. आपला धर्म वेगळा, शिवाय मुलगी लहान. मी म्हटले, नेण्यापूर्वी तिथे काय दिसेल ते सांगा, आणि तिची इच्छा असेल तरच न्या. ती गेली. आपण बांधलेली हिरांची छोटी झाडणी तिने बरोबर नेली आणि कबरीभोवतालचा पाला झाडून काढला. ही कल्पना तिची स्वतःची होती.

पोटदुखी एका दिवसात गेली असे लिहिले तर ते खोटे ठरेल. ती हळूहळू विरळ झाली. पावसाळ्यात नदी फुगली तेव्हा पुन्हा दोनदा उचल खाल्ली. पण बोटीत ती स्वतःच्या पायांनी चढू लागली.

सर्वच मुले अशी सावरतात असे नाही. झोप किंवा भूक दीर्घकाळ बिघडली, शाळा सुटली, गेलेल्या माणसाकडे जायचे आहे असे मूल बोलू लागले, तर वाट न पाहता बांबोळीच्या मनोरुग्णालयातील किंवा जवळच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. 2022 साली सुधारलेल्या अमेरिकन निदानपद्धतीत रेंगाळलेल्या शोकाला स्वतंत्र स्थान मिळाले असून मुलांसाठी त्याची मुदत सहा महिन्यांची धरली आहे. परंतु मरणाची भाषा करणाऱ्या मुलासाठी सहा महिने थांबायचे नसते.

असो. त्या प्रसंगानंतर माझ्या केसपेपरावर मी हाताने एक ओळ वाढवली आहे. कारण न सापडणारी पोटदुखी, डोकेदुखी किंवा अंथरूण ओले करणे घेऊन मूल आले की त्यालाच विचारतो, "तुझ्या ओळखीचे, तुला आवडणारे कोणी इतक्यात गेले का?" पुष्कळदा उत्तर 'नाही' असेच येते. कधी एखादे मूल कुत्र्याचे नाव घेते, कधी शाळेतल्या शिपाईमामांचे, कधी गाड्यावरच्या चणेवाल्या आजोबांचे. ते नात्यातले होते का, हे मी आता विचारीत नाही.